तिसऱ्या बाकावरचं 'व्हय की'

शमू,

तुला मातीत ठेवून पाच दिवस झाले आणि आज तुझ्यामागचा पहिला रविवार. आज उपासनेत भर मंडळीसमोर मी जो घोळ घातला, तो माझ्याच तोंडून तुझ्या कानावर जावा म्हणून हे लिहायला बसलोय. तुझी आक्का दुपारपासून गल्लीत एकेकाला थांबवून तोच किस्सा सांगते आहे. रूथ माझी बायको असली तरी आधी तुझी थोरली बहीण आहे, हे तिनं लग्नाला तीस वर्षं झाली तरी मला विसरू दिलेलं नाही. पण मुद्द्यावर यायच्या आधी मला प्रस्तावना लागते, हे तुला माहीत आहे. हयातभर शाळेत मराठी शिकवल्याचा तो परिणाम आहे आणि आता या वयात तो जायचा नाही.

तर मी नेहमीसारखा पेटीवर बसलो होतो. तिसऱ्या बाकावरची खिडकीकडची तुझी जागा रिकामी होती. ती कुणी राखून ठेवली नव्हती, पण तिथं कुणी बसलंही नाही. उपदेश रंगात आला आणि पाळकसाहेबांनी टेबलावर दोन्ही हात टेकून विचारलं, "बंधुभगिनींनो, प्रभू आपल्याला कधी सोडून देईल काय?" आणि ते थांबले.

उपदेशक असा प्रश्न विचारून थांबतात ते दम घ्यायला, उत्तर ऐकायला नव्हे, एवढं मला मिरजेच्या संडे स्कूलमध्ये होतो तेव्हापासून ठाऊक आहे. तुला ते कधीच पटलं नाही. "दाजी, एवढा शिकल्याला माणूस उभा ऱ्हाऊन इचारतोय, आन् आपण नुसतं तोंडाकडं बघत बसायचं व्हय? बरं दिसतंय का ते?" असं तू मला विचारायचास, आणि तू मात्र उत्तरासाठी थांबायचास.

पाळकसाहेबांच्या त्या प्रश्नाचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी आपल्या दोघांत एक जुनं प्रकरण उरलं आहे, ते मिटवायला हवं.

नव्वद सालच्या आसपास तू चंदगडहून कोल्हापूरला आलास, शिरोलीच्या फाउंड्रीत काम लागलं म्हणून. एक पत्र्याची ट्रंक, पिशवीभर काजू आणि तुझा तो आवाज, एवढं घेऊन आमच्या मागच्या खोलीत उतरलास. भाड्याची खोली मिळेपर्यंत, असं ठरलं होतं. ती तुला सोळा वर्षं मिळाली नाही. तू शोधतही नव्हतास, आणि आक्का तुला शोधू देत नव्हती.

पहिले दोन महिने चर्चमध्ये तू चांगला वागलास. मी म्हणत होतो, पोरगा शांत आहे. मग एका रविवारी जुन्या पाळकसाहेबांनी विचारलं, "आपण सगळे पापी आहोत की नाही?" आणि तिसऱ्या बाकावरून आवाज आला, "व्हय की!" माझ्या हातातला पेटीचा भाता उघडाच राहिला. पाळकसाहेब बिचारे गोड माणूस. ते हसले आणि म्हणाले, "आणि तरीही त्यानं आपल्यावर प्रेम केलं की नाही?" त्यावर तू, "केलं की!" बायकांच्या बाजूला पदर तोंडाशी गेले. लोकांनी 'आमेन' म्हटलं त्या जागी तू पुन्हा 'व्हय की' म्हणालास, आणि तेही सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, एकट्यानं.

घरी आल्यावर मी तुला बसवून सांगितलं की 'की' हे उभयान्वयी अव्यय आहे, त्याचं काम दोन वाक्यं जोडणं हे आहे, ते असं वाक्याच्या शेवटी लटकवून ठेवायचं नसतं. तू सगळं लक्ष देऊन ऐकलंस आणि म्हणालास, "व्हय की."

तिथून पुढे माझ्या आयुष्यात शिस्त म्हणून राहिली नाही. जेवणाआधीची प्रार्थना आमच्याकडे चार ओळींची होती. वडिलांपासून चालत आलेली, शुद्ध, आटोपशीर. तू आलास आणि ती तांबड्या रश्श्यावर साय धरेपर्यंत लांबली. तू भाकरीबद्दल उपकार मानायचास, मग जोंधळ्याबद्दल, मग नळी फुकट घालणाऱ्या खाटकाबद्दल, मग चुलीबद्दल. घरात गॅस होता. "चूल कशाला?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणालास, "आईची हो. गावाकडची. तिची पण आठवण काढाय पायजे की." आणि डोळे मिटलेले ठेवूनच तू निरोपही पोचवायचास. "प्रभू, वासावरनं वाटतंय आज मीठ कमी हाय, तरी आक्काला कुणी बोलू नगं. आन् दाजींना सद्बुद्धी दे, त्यांनी ती स्कूटर दुरुस्तीला टाकू दे. सकाळी त्यांच्यासाठी किका मारून मारून माझा पाय गेला." मी आमेन म्हणायचो ते दातओठ खातच.

तुझं लग्न का झालं नाही हे मंडळीतल्या लोकांना कोडं होतं. मला नव्हतं. मी होतो ना तिथं. गडहिंग्लजला मुलगी बघायला गेलो, चहा आला, मुलीच्या वडिलांनी मोठ्या कौतुकानं तुला प्रार्थना करायला सांगितलं. तू उभा राहिलास. "प्रभू, ही पोरगी मला पसंत पडली न्हाय तर तिचं मन मोडू नगं, आन् मी तिला पसंत पडलो न्हाय तर माझ्या आक्काचं मोडू नगं." मुलगी आत हसत पळाली. बाप हसला नाही. परत येताना एसटीत आक्का रडत होती, मी चिडलो होतो, आणि तू ड्रायव्हरसाठी मोठ्यानं प्रार्थना करत होतास. तेव्हा ड्रायव्हरनं आरशातून बघून विचारलं, "ओ पावणं, मला काय हुतंय म्हणून?"

सकाळी सायकलवरून शिरोलीला जाताना पंचगंगेच्या पुलावर तू गायनं म्हणायचास. माझ्या शाळेतल्या एका शिक्षकानं मला सांगितलं होतं, तुमचे मेहुणे रोज पुलावर ट्रकच्या हॉर्नबरोबर जुगलबंदी करतात. कापणीच्या सणाला मंडळीनं आणलेल्या भाज्यांचा लिलाव असतो, तिथं पुकारणाऱ्यानं भोपळा उचलून नुसतं विचारलं, "चांगला हाय की न्हाय?" तू आपला प्रामाणिकपणे म्हणालास, "व्हय की!" तो भोपळा तुझ्या नावावर सुटला. पुढच्या वर्षीही सुटला. तिसऱ्या वर्षी पुकारणारा आधी तुझ्याकडेच बघायला लागला. आठवडा-आठवडा भोपळ्याची भाजी खाल्ली आम्ही, आणि तिच्याबद्दलही तू उपकार मानलेस.

आपला वाद मात्र एकच होता आणि तो रविवारी जेवताना हटकून व्हायचा. मी म्हणायचो, देवाच्या घरी शिस्त पाहिजे. तू म्हणायचास, "दाजी, घर म्हणताय आन् बोलू नगं म्हणताय. तुमच्या घरात मी गप बसतोय का?" मी म्हणायचो, बसलास तर उपकार होतील. आक्का म्हणायची, "तो देवाशी बोलतोय, तुमच्याशी न्हवं. तुमी भाकरी घ्या." वाद तिथंच थांबायचा आणि पुढच्या रविवारी पुन्हा तिथूनच चालू व्हायचा. खरं सांगतो, त्यात मला मजा यायची. भांडायला माणूस पाहिजे, आणि शाळेत सगळे मला घाबरायचे.

मग चर्चच्या वर्धापनदिनाला ते मोठे पाहुणे आले. बाहेरगावचे, चार पुस्तकं लिहिलेले, बोलणं एकदम मधात बुडवल्यासारखं. कार्यक्रमपत्रिका मी स्वतः तीनदा तपासून छापली होती. पाहुण्यांनी आवाज अगदी खाली आणला, चष्मा काढला, आणि विचारलं, "प्रियजनहो, प्रभू आज दुपारी आला, तर आपण तयार आहोत काय?"

तू उठून उभा राहिलास. बसून सांगणं तुला पाहुण्यांचा अपमान वाटला असणार. "दुपारी हीट हाय," तू म्हणालास. "संध्याकाळी आला तर चालंल."

हीट म्हणजे भट्टीतून लोखंडाचा रस काढून साच्यात ओतायची वेळ, आणि त्या वेळी भट्टी सोडून हलता येत नाही, हे पाहुण्यांना कुठून ठाऊक असणार? सगळं चर्च हसलं. संडे स्कूलची पोरं तर बाकाखाली गेली. पाहुण्यांच्या हातातले कागद खाली पडले आणि त्यानंतर त्यांना कुठलाच धागा सापडला नाही. कागद गोळा करायला मी पेटीवरून उठलो तेव्हा माझे कान तापले होते.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी मी तुझ्या फाउंड्रीच्या दारात उभा होतो, खिशात मंडळीच्या कमिटीचं पत्र घेऊन. घरी देता आलं असतं. पण घरी आक्का होती.

वॉचमनला मी शमुवेल म्हणून विचारलं. तो म्हणाला, "असा कोण न्हाय हितं." मी तुझं वर्णन केलं. त्याचा चेहरा उजळला. "शामराव व्हय! प्रार्थनावालं! मग तसं सांगा की. थांबा, आत्ता हीट हाय." मला इतकी वर्षं माहीत नव्हतं की शिरोलीत तू शामराव आहेस.

मी शेडच्या दाराशी थांबलो. भट्टी घुमत होती. पंधरा-वीस माणसं तिच्यापुढे अर्धगोल करून उभी होती. कुणाच्या कपाळाला गंध, कुणाच्या गळ्यात माळ, तुमच्या थोराड मिस्त्रीच्या कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे. सगळ्यांनी टोप्या काढलेल्या, आणि मधे तू डोळे मिटून उभा. "प्रभू, सांचं भरल्यात. वाळू वली ऱ्हायली असंल तर तू बघ, आमास्नी दिसंना. मालात ब्लो होलची भोकं पडू दिऊ नगं. कुणाच्या पायावर रस सांडू नगं. मिस्त्रींची पोरगी परीक्षेला बसल्या, तिच्याकडं बी जरा बघ. येशूच्या नावानं." आणि पंधरा-वीस माणसं त्या घुमणाऱ्या भट्टीच्या वरताण ओरडली, "व्हय की!"

तुम्ही रस ओतत होता तेवढ्या वेळात मिस्त्री मला बाजूला घेऊन सगळं सांगून मोकळे झाले. "ह्यो नवा आलता तवा एकलाच डोळं मिटून पुटपुटायचा. आमी म्हटलं, काय म्हणतोस ते मोठ्यानं म्हण, रस आमच्या बी अंगावर उडतोय. शेवटी म्हणायचा आमेन. ते काय असतंय म्हणून इचारलं, तर म्हणला, तसंच हुं दे. मग आमी म्हटलं, आरं मर्दा, मग सरळ व्हय की म्हण की!"

म्हणजे तो शब्द तू चंदगडहून आणलेला नव्हता आणि माझी चेष्टा म्हणूनही काढलेला नव्हता. तो तुला या माणसांनी दिला होता, आणि दर रविवारी तू तो तसाच्या तसा चर्चमध्ये आणून ठेवत होतास. हे मला त्या दारात लख्ख कळलं, शमू. कळल्यावरही मी खिशातलं पत्र काढून तुझ्या हातात दिलं.

तू हात पँटला पुसून ते वाचलंस. 'उपासनेच्या वेळी आपणांकडून अनवधानाने अनुचित उद्गार निघतात, ते यापुढे निघू नयेत, ही नम्र सूचना.' तू विचारलंस, "अनवधानानं म्हंजे?"

"लक्ष नसताना," मी म्हणालो.

"माझं तर लक्ष हुतं की, दाजी. म्हणून तर बोललो."

मी पोचपावतीचा कागद पुढे केला. मग तू विचारलंस, "हे तुमी लिव्हलंय?" आणि मी म्हणालो, "अक्षर माझं आहे. निर्णय कमिटीचा. मी नुसता सेक्रेटरी." पोचपावतीवर तू सही केलीस, तिच्या बाजूला तुझा काळा अंगठा आपोआप उमटला. मिस्त्रींनी लांबून ओरडून विचारलं, कसलं पत्र? तू म्हणालास, "चर्चचं हाय. माझी आठवण काढल्या."

आता ऐक. त्या बैठकीला आम्ही पाच जण होतो. तिघे तर तुझं ते 'संध्याकाळी चालंल' आठवून हसत होते. खजिनदार म्हणाले, "असू द्या वो, तेवढीच उपदेशात जाग येते." पत्र पाहिजे असं म्हणणारा एकटा मी होतो. मी तासभर वाद घातला आणि चहा गार झाल्यावर बाकीच्यांनी कंटाळून हो म्हटलं. ठराव माझा होता, शमू. कमिटीचं नुसतं नाव होतं.

पुढच्या रविवारपासून तू गप्प झालास. घरी तसाच होतास. रश्श्यावर साय धरत होती, स्कूटरची तक्रार देवाकडे जात होती. पण चर्चमध्ये तू तिसऱ्या बाकावर हात बांधून बसायचास आणि प्रार्थनेनंतर सगळ्यांबरोबर 'आमेन' म्हणायचास. अगदी शुद्ध उच्चार, वेळेवर, आवाज ना वर ना खाली. मला जसं पाहिजे होतं तसंच. आणि ते ऐकताना मला दुसऱ्याचा कोट घालून आलेला माणूस बघितल्यासारखं व्हायचं. तू वर्षभर रुसशील आणि एक दिवस तोंडातून सुटेल, अशी माझी अटकळ होती. तू रुसला नव्हतास. तुला सांगितलं होतं आणि तू ते ऐकलं होतंस, एवढंच. आठ वर्षं ऐकलंस.

मधे जुने पाळकसाहेब गेले, हे नवे तरुण आले. सहा महिन्यांत ते कमिटीला म्हणाले, मंडळी दगडासारखी बसते, काही प्रतिसादच येत नाही. कमिटीनं ठराव केला आणि मी माझ्या वळणदार अक्षरात नोटीस लावली: 'उपासनेत सर्वांनी उत्स्फूर्त प्रतिसाद द्यावा.' तू ती फळ्यासमोर उभं राहून वाचलीस.

"उत्स्फूर्त म्हंजे काय, दाजी?"

"आपोआप आलेला."

"आपोआपची नोटीस लावलाय व्हय?" म्हणालास, आणि इतका हसलास की तुला खोकला आला. तेव्हा मला म्हणता आलं असतं, अरे, ही नोटीस तुझ्यासाठीच आहे, तू परत बोलायला लाग, ते पत्र मी मागे घेतो. तोंडाशी आलं होतं. पण मी तुला 'उत्स्फूर्त'ची फोड करून सांगत बसलो.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तुझ्या उशाशी मी प्रार्थना केली. सगळे शब्द जागच्या जागी होते, एकही क्रियापद चुकलं नाही. तू मास्क बाजूला करून म्हणालास, "लई शुद्ध झालं, दाजी. देवाला कळलं असंल न्हवं?" मी हसलो. मग तू छताकडे बघत म्हणालास, "कमिटीत त्या वक्ताला एक फिटर हुता, एक कंडक्टर, दोन रिटायर. त्यातल्या कुणाला 'अनवधानानं' येतंय वो?"

म्हणजे तुला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून, त्या फाउंड्रीच्या दारापासून. माहीत असूनही तू सोळा वर्षांतली उरलेली आठ वर्षं माझ्या ताटाला ताट लावून जेवलास, मला सद्बुद्धी मागत राहिलास. मला वाटायचं, स्कूटरसाठी मागतोस.

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात नर्स आली, वेळ संपली म्हणून बाहेर काढायला लागली. गडबडीत माझ्या तोंडून निघालं काय, तर, "पाणी देऊ का?" तू म्हणालास, "व्हय की." मी दोन चमचे पाणी पाजलं आणि बाहेर आलो. त्यानंतर तू मला काही बोलला नाहीस.

तुझ्या दफनाला फाउंड्रीची माणसं आली, ती शिफ्टवरून तशीच. दारात सगळ्यांनी चपला-बूट काढले. आपल्या चर्चमध्ये कुणी काढत नाही, पण त्यांचं बघून आपल्या कमिटीतल्या पंचांना लाज वाटली आणि तेही बूट काढायला वाकले. त्या दिवशी मंडळीतल्या प्रतिष्ठितांच्या मोज्यांना किती भोकं आहेत ते सगळ्यांना दिसलं. माझ्या दोन्हींना. निघताना माझे बूट कुणाच्या तरी पायातून गेले. सध्या मी जे घालतोय ते बहुधा मिस्त्रींचे आहेत, चालताना टाच बाहेर येते. पाळकसाहेबांची प्रार्थना संपली, मंडळीनं आमेन म्हटलं, आणि मागच्या भिंतीशी अनवाणी उभ्या असलेल्या त्या माणसांनी भट्टीपुढे म्हणतात तसं मोठ्यानं म्हटलं, "व्हय की!" आठ वर्षांनी तो शब्द आत आला. माझ्या ओठावरही होता. पण मी मान खाली घातली आणि पेटीवर पुढचं गायन धरलं.

तर आता आजचं.

पाळकसाहेबांनी विचारलं, "प्रभू आपल्याला कधी सोडून देईल काय?" आणि ते थांबले. मी तुझ्या जागेकडे बघितलं. त्या बाकाच्या पाठीवर, तू टेकायचास तिथं, पॉलिश उडालंय. मला एकदम असह्य झालं. मी पेटीमागून उठलो, स्टूल मागे पडलं, आणि पोटातून जेवढा निघेल तेवढा आवाज काढून ओरडलो, "व्हय की!"

प्रश्न काय होता ते मला ओरडल्यावर कळलं.

पाळकसाहेबांच्या तोंडाचा आ झालेला. मराठीचा मास्तर, मंडळीचा सेक्रेटरी, तीस वर्षांचा पेटीवाला, आणि प्रभू आपल्याला सोडून देईल असं भर उपासनेत उभं राहून छातीठोकपणे सांगतोय. बसावं तर स्टूल पडलेलं. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं तुझ्या घराण्याचा तो आवाज आला. "न्हाय की, अवो! न्हाय की!" आक्का उभी राहून मला हातवारे करत होती, पाच दिवसांत पहिल्यांदा हसत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मग खजिनदार म्हणाले, "न्हाय की!" मग बाकामागून बाक, पोरंसोरं, म्हाताऱ्या, सगळी मंडळी एका सुरात, "न्हाय की!" पाळकसाहेबही म्हणाले, "न्हाय की," आणि मग घाईघाईनं, "म्हणजे, नाही." त्यानंतरचं गायन मी भलत्याच पट्टीत काढलं, पण त्या गोंगाटात कुणाच्या लक्षात आलं नाही.

बुधवारी कमिटीची बैठक आहे. जुना ठराव मागे घ्यायचा प्रस्ताव मी मांडणार आहे आणि तो कुणाचा होता तेही तिथं सांगणार आहे. खजिनदार आत्ताच घरी येऊन गेले. म्हणाले, अनुचित उद्गाराबद्दल सेक्रेटरींना पत्र द्यावं लागणार. म्हणजे लिहायचंही मीच आणि घ्यायचंही मीच. त्यात 'अनवधानाने' घालता येणार नाही, एवढं नक्की. माझं लक्ष होतं, शमू. फक्त प्रश्नाकडे नव्हतं.

दवाखान्यात पाण्याचं विचारलं, ते मला विचारायचं नव्हतं. जे विचारायचं होतं ते आता विचारतो. मला माफ केलंस की नाही?

विचारून मी थांबलोय. दम घ्यायला नव्हे.